इंगवले सरांचा दीपस्तंभ

"चमचा असा धरायचा," इंगवले सर म्हणाले, आणि उपम्याचा घास त्यांनी इतक्या सावकाश तोंडाकडे नेला की शेजारी बसलेल्या तांबोळी सरांचंही तोंड आपोआप उघडलं.

शुक्रवारची दुपार होती. आमच्या निवळीच्या महाविद्यालयात त्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती. समितीपुढे ठेवायला काहीतरी हवं, म्हणून उपप्राचार्य इंगवल्यांनी 'दीपस्तंभ' नावाची योजना काढली होती. मागास आणि अल्पसंख्य समाजातून आलेल्या प्राध्यापकांना सहकाऱ्यांनीच हात द्यायचा, अशी ती योजना, दर शुक्रवारी दुपारी. सहकारी म्हणजे स्वतः इंगवले. दीपही तेच, स्तंभही तेच. आम्ही चौघं अंधार.

अंधाराची ओळख करून देते. तांबोळी सर इतिहासाचे. जीभ अशी की पानाला चुना लावावा तसा बोलण्याला नेमका चुना लावत. साळवे सर नगरकडचे ख्रिस्ती, इंग्रजीत विद्यापीठात पहिले आलेले. त्यांना इंग्रजी संभाषण इंगवले सर शिकवत. इंगवले सर मुळात खेळाच्या मैदानावरचे. शिट्टी फुंकता फुंकता उपप्राचार्य झाले, कारण संस्थेच्या अध्यक्षांचे ते साडू. मी वनस्पतिशास्त्राची. गोंधळ्याची लेक. वडील आधी संबळ वाजवायचे, मग माळ घातली आणि कीर्तनात टाळकरी म्हणून उभे राहिले. मला टाळ धरू दिला नाही कुणी, पण कीर्तन ऐकल्याशिवाय माझा आठवडा सरत नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. आणि चौथी रंजना काळे. पारधी वस्तीवरून आलेली, पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेली, आमच्यात सगळ्यात लहान.

स्टाफरूममधले बाकी सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागत. हा त्याचा मेहुणा, तो ह्याचा भाचा, पलीकडचे दोघं व्याही. चहा पिताना सोयरीक जमायची. आम्ही चौघं कुणाचेच कोणी नव्हतो.

"काळे मॅडम," इंगवले सर रुमालाने ओठ टिपत म्हणाले, "पुढच्या गुरुवारी तुमचा प्रात्यक्षिक तास. विद्यापीठातून तज्ज्ञ बाई येतायत. तो नीट झाला तर कायम, नाही तर..." उरलेलं त्यांनी चमच्यानेच सांगितलं, बशीत आडवा ठेवून. "आणि तुम्ही तिघांनीही मागच्या बाकावर बसायचं. योजनेचाच भाग आहे तो. दुसऱ्याच्या चुका बघून माणूस शिकतो."

'नाही तर' काय, ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. रंजना अपात्र ठरली की जागा रिकामी, आणि रिकाम्या जागेवर तासिकेच्या हिशेबाने अध्यक्षांच्या धाकट्या सूनबाई. त्या मागच्याच महिन्यात प्रयोगशाळा बघून गेल्या होत्या. खिडक्यांना पडदे कुठल्या रंगाचे शोभतील, एवढंच त्यांनी विचारलं.

इंगवले सरांची पद्धतही ठाऊक होती. रंजनाच्या आधी त्या जागेवर घोडके म्हणून होते, हुशार माणूस. त्यांच्या प्रात्यक्षिक तासाला सर पहिल्या बाकावर बसले आणि दर वाक्याला म्हणाले, "जरा थांबा." जरा थांबा, अक्षर मोठं काढा. जरा थांबा, खडू बदला. शेवटी घोडक्यांना कुणी त्यांचं नाव विचारलं असतं तरी ते थांबले असते. अहवालात लिहिलं गेलं, विषय माहीत आहे, वर्गावर पकड नाही.

* * *

आमचा खरा दीपस्तंभ माझ्या खोलीत भरायचा. वाळवलेल्या झाडपाल्याचे नमुने ठेवायची ती खोली, डांबरगोळ्यांच्या वासाची. तांबोळी सर म्हणायचे, "रेणकेबाई, तुमच्याकडे झाडंसुद्धा मेल्यावर जातवार लावून ठेवतात."

सोमवारी आम्ही रंजनाला घेऊन बसलो. आम्ही तिघंही मुरलेले, तिघांनाही वाटत होतं की ही पोर तरली पाहिजे. म्हणून तिघांनीही तिला शिकवायला घेतलं.

"आवाज खाली ठेवा," तांबोळी सर म्हणाले. "इतका खाली की त्यांना पुढे वाकून ऐकावं लागेल. वाकलेल्या माणसाला रागावता येत नाही."

"उलट," साळवे म्हणाले, "पहिली पाच वाक्यं खणखणीत इंग्रजीत. इंगवल्यांना कळणार नाहीत, आणि कळलं नाही ते विचारायची त्यांची हिंमत नाही."

मी म्हटलं, "आधी हात जोडून वर्गाला नमन करा. मग दोन पावलं पुढे, दोन मागे. हात मोकळे सोडायचे. बुवा कसे उभे राहतात, तसं."

रंजनाने केलं बिचारीने. हात जोडले, दोन पावलं पुढे आली आणि अगदी हळू आवाजात खणखणीत इंग्रजी बोलायला लागली. देवीच्या जत्रेत दोरीवरची बाहुली हलावी तशी दिसली. मग मध्येच थांबली, खडू खाली ठेवला.

"मॅडम, राग मानू नका," ती म्हणाली. "शुक्रवारी इंगवले सर एकच असतात. इथे तीन आहेत."

मग तांबोळी सरांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "पोरगी पास," ते म्हणाले. "आपली फेरपरीक्षा."

* * *

मला काही सुचेना झालं की मी एकच करते. त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात सप्ताहाचं कीर्तन होतं. मी रंजनाला म्हटलं, "चला."

"मॅडम, मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायला कुठे नेतेय. बसायला चला."

केशवबुवांचं कीर्तन. बुवा थकलेले, दम्याचे. पण उभे राहिले की देवळाचा चौथरा भरून जायचा. त्यांच्या मागे टाळकऱ्यांची ओळ. पुढे, सगळा गाव सतरंजीवर आणि एकटे इंगवले सर खुर्चीवर, कारण ते सप्ताह समितीचे अध्यक्ष आणि त्यांच्या गुडघ्यात कळ. सकाळी मैदानावर ते तीन फेऱ्या मारत, तेव्हा गुडघा बरा असे. देवाच्या दारात आलं की धरायचा.

बुवांनी निरूपण रंगात आणलं आणि एका वाक्याच्या मध्यावर त्यांना खोकल्याची उबळ आली. त्याच क्षणी मागच्या ओळीने ध्रुपद उचललं. टाळ वाजले, मृदंग चढला, बायका झुलायला लागल्या. बुवा पाठमोरे होऊन खोकले, घोटभर पाणी प्यायले, वळले आणि सोडलेल्या शब्दापासून पुढे निघाले.

रंजना माझ्या कानाशी म्हणाली, "ते थांबले होते, नाही? कुणाला कळलंच नाही."

"कळू नये म्हणून तर मागे माणसं उभी असतात."

"ती कधी घुसतात मध्ये?"

"श्वास तुटायच्या आधी. तुटल्यावर उचललं तर बुवा पडलेले दिसतात. माझे वडील बुवांच्या तोंडाकडे नाही, पाठीकडे बघत राहायचे. श्वास पाठीत दिसतो म्हणायचे."

तिने त्यानंतर बुवांकडे पाहिलंच नाही. मागच्या ओळीकडे बघत बसली, प्रयोगाची नोंद घ्यावी तशी.

आरती झाली आणि लोक एकमेकांच्या पायांवर वाकायला लागले. ही आमच्याकडची रीत. लहान-मोठं नाही, घरचा-दारचा नाही. जो समोर येईल त्याच्यापुढे वाकायचं आणि त्याने आपल्यापुढे. एक म्हातारी, चांगल्या घरची, कपाळाला बुक्का लावलेली, रंजनासमोर आली आणि वाकली. रंजना चटका बसल्यासारखी मागे सरली.

"माझ्या कशाला पडता, आजी?"

म्हातारी वाकलेलीच म्हणाली, "उभी का राहिलीस, बाय? आता तू वाक. माझी कंबर किती वेळ धरून ठेवू?"

रंजना वाकली. उठली तेव्हा तिने डोळे पुसले नाहीत, नुसते उघडे ठेवले.

पलीकडे इंगवले सरांच्या खुर्चीपुढे रांग लागली होती. लोक वाकत होते, सर डोक्यावर हात ठेवत होते.

देवळाच्या पायऱ्या उतरताना तिने विचारलं, "मॅडम, वाकणाऱ्यापुढे वाकायचं, हा नियम खुर्चीवर बसणाऱ्यांना नाही का?"

"नियम सगळ्यांना आहे. न वाकता उभं राहणं म्हणजे समोरच्याचा नमस्कार गिळून बसणं. पण त्यांचा गुडघा..."

"हं," ती म्हणाली. बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "मला आता काही शिकवू नका. पदार्थविज्ञान मला येतं. गुरुवारी तुम्ही तिघं मागे बसणारच आहात. मी अडकायच्या आधी माझं वाक्य उचला. नवीन काही सांगू नका. माझंच वाक्य मला परत द्या."

* * *

गुरुवारी वर्ग भरला. पहिल्या बाकावर इंगवले सर, शेजारी प्राचार्य लोखंडे, निवृत्तीला टेकलेला गरीब माणूस, आणि विद्यापीठाच्या डॉ. नाबर, पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्यावरून काही न कळणाऱ्या. मध्ये द्वितीय वर्षाची मुलं. शेवटच्या बाकावर आम्ही तिघं, चुका बघून शिकायला.

रंजनाने नमन केलं नाही, इंग्रजी फेकलं नाही, आवाज खाली नेला नाही. ती म्हणाली, "आमच्या वस्तीवर लिंबाला लुगड्याचा झोका बांधायचे. लहान पोर मोठ्या माणसाला झोका देऊन आभाळाला लावायचं. कसं? जोर लागत नाही, वेळ साधावी लागते."

"जरा थांबा," इंगवले सर म्हणाले. "वस्ती, लुगडं, हे काय? ही काय बालवाडी आहे?"

तिची पाठ ताठ झाली. पण तोंड उघडायच्या आत तांबोळी सर शंकाखोर विद्यार्थ्यासारखे उभे राहिले. "म्हणजे मॅडम, जोर लागत नाही, वेळ साधावी लागते?"

"बरोबर, सर. झोका परत येतो नेमका तेव्हा हलकासा हात लावायचा." आणि ती पुढे निघाली.

"जरा थांबा. फळ्यावर अक्षर लहान आहे."

साळवे उठले. "मागून दिसतंय, सर. तर मॅडम, आपण म्हणालात, जोर लागत नाही..."

"वेळ साधावी लागते," मधल्या बाकावरची दोन पोरं आपण होऊन म्हणाली. खेड्यातली पोरं ती. ध्रुपद कुठे उचलायचं, ते त्यांना शिकवावं लागत नाही.

मग तिने टेबलावर दोन खांबांना एक आडवी दोरी बांधली आणि तिला लोखंडी नटांचे लोलक लटकवले, काही आखूड, काही लांब. लांबीने सारखे असे त्यांत दोनच, एक या टोकाला, एक त्या टोकाला. त्यातल्या एकाला तिने बोटाने झोका दिला. "बाकीच्यांकडे बघू नका," ती म्हणाली. "त्या टोकाकडे बघा."

बाकीचे लोलक जागच्या जागी चुळबुळत राहिले. आणि त्या टोकाचा, कुणी हात न लावलेला, हळूहळू झुलायला लागला. झुलत झुलत पार वर चढला.

इथे माझ्याकडून झालं ते झालं. "जरा थांबा" आलं की उचलायची पाळी माझी होती, वाक्यही घोकून ठेवलं होतं. पण तो लोलक चढताना बघून माझा ऊर भरून आला, आणि रंगलेल्या कीर्तनात येतं तसं तोंडातून मोठ्याने आलं, "राम कृष्ण हरी."

अख्खा वर्ग म्हणाला, "राम कृष्ण हरी." सवयच ती.

इंगवले सर उभे राहिले. "हे काय चाललंय? वर्ग आहे की सप्ताह?"

"सप्ताह कसा असेल, सर," तांबोळी सर नम्रपणे म्हणाले. "अध्यक्ष आपण. आपल्या परवानगीशिवाय?"

भगवंताच्या नावाला हरकत घेतली असं गावात गेलं, तर सरांची सप्ताहातली खुर्ची जायची. मी नाबरबाईंकडे पाहिलं. त्यांचे हात कधीच जोडले गेले होते, आणि ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं. त्यांनी ते सोडले आणि म्हणाल्या, "इंगवले सर, आता आपणच जरा थांबा. मला पुढचं ऐकायचंय."

* * *

रंजना पात्र ठरली. पण कायम झाल्याचं पत्र काही हातात पडेना. "एवढी गोड बातमी अशी टेबलावरून द्यायची?" इंगवले सर म्हणाले. "मूल्यांकन समिती आली की व्यासपीठावर देऊ. छोटासा गुरुवंदनेचा कार्यक्रम. योजनेतल्या चौघांनी मार्गदर्शकाला वंदन करायचं, फोटो निघेल, मग पत्र."

माझ्या खोलीत त्या दिवशी भांडण झालं.

"मी नाही वाकणार," तांबोळी सर म्हणाले. "मी वाकतो ती जागा ठरलेली आहे, आणि तिथे इंगवले नसतात."

"आणि पत्र अडकवलं तर?" साळवे म्हणाले. "समिती गेली की सूनबाई पडद्याचं माप घेऊन हजर."

रंजना म्हणाली, "मी पाया पडणार आहे. पहिली मीच."

"काळे मॅडम, तुम्ही पडलात की आमच्याही पाठी वाकल्या," तांबोळी सर म्हणाले.

"तुम्ही फक्त मागे उभे राहा," ती म्हणाली. आणखी काही सांगेना.

कार्यक्रमाला सभागृह गच्च. पहिल्या रांगेत समिती, मागे गावकरी, सप्ताहातले माळकरी, मुलं. इंगवले सर नव्या कोटात. त्यांनी योजनेची हकीकत सांगितली. चार बुजऱ्या माणसांना आपण चमच्यापासून व्यासपीठापर्यंत कसं आणलं, ते ऐकून मलाच माझी दया आली. मग रंजनाचं नाव पुकारलं गेलं. आम्ही तिघं तिच्या मागे ओळीत उभे.

ती वाकली. अर्धवट नाही, पूर्ण, दोन्ही हात सरांच्या बुटांना लावून. सरांनी डोक्यावर हात ठेवला, फोटोवाल्याने फोटो काढला, टाळ्या झाल्या. सरांनी पत्राचं पाकीट पुढे केलं.

तिने ते घेतलं नाही. हात जोडून सरळ उभी राहिली आणि सरांकडे बघत राहिली.

"घ्या," सर हळूच म्हणाले.

ती उभीच. वाट बघत.

टाळ्या विरल्या. समितीचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. पण मागे सभागृहात कुजबुज उठली होती, कारण मागच्यांना कळलं होतं. एक बाई दुसरीला म्हणाली ते व्यासपीठापर्यंत ऐकू आलं, "वाकली ना ती? मग आता ह्यांनी वाकायचं."

पाकीट हवेत होतं. सर ते मागे घेऊ शकत होते, आणि त्यांच्या बोटांवरून दिसत होतं की त्यांच्या मनात तेच आलं आहे. मी रंजनाच्या तोंडाकडे बघत नव्हते. पाठीकडे बघत होते. ब्लाउजखाली तिची पाठ थरथरत होती, आणि श्वास आता तुटणार होता.

मी म्हटलं, "राम कृष्ण हरी." या वेळी चुकून नव्हे.

"राम कृष्ण हरी," तांबोळी सर माझ्या शेजारून म्हणाले. साळवे म्हणाले. मग सगळं सभागृह म्हणालं, छत हललं, आणि मागच्या माळकऱ्यांनी हात जोडून आपल्या अध्यक्षांकडे पाहिलं.

इंगवले सर वाकले. कोट आखूड होता, पाठीमागे वर सरकला. हात तिच्या चपलांपर्यंत गेले. फोटोवाला इमानी माणूस. त्याने तोही फोटो काढला.

"चला," तांबोळी सर पुटपुटले, "गुडघा बरा झाला."

मग आम्ही तिघंही पाळीपाळीने पुढे झालो. मी वाकले, सर वाकले. साळवे वाकले, सर वाकले. तांबोळी सरांनी हात पुढे केला. सरांना आता सवय लागली होती. ते त्या हातापुढेही वाकले.

समितीने अहवालात लिहिलं की मार्गदर्शकाची इतकी विनम्रता अन्यत्र आढळली नाही. संस्थेने तो फोटो मोठा करून कार्यालयाबाहेर लावला. सरांनी काढायला लावायचा प्रयत्न केला, पण संस्थेच्या अध्यक्षांना समितीचे शब्द फार आवडले होते.

फोटो अजून तिथेच आहे. मी निवृत्त झाले, इंगवले सर कधीच गेले, सूनबाईंचे पडदे राहून गेले. रंजना आता विभागप्रमुख आहे. परवा तिच्याकडे गेले तेव्हा एक नवा प्राध्यापक रुजू झाला होता, लमाण तांड्यावरचा, दबकत चालणारा. फोटोपुढे थांबून त्याने विचारलं, "मॅडम, हे वाकलेले कोण? चेहरा दिसत नाही."

"ते आमचे मार्गदर्शक," रंजना म्हणाली. "आम्हाला त्यांनी चमचा धरायला शिकवला. वाकायला आम्ही त्यांना."